परतीचा भोंगा

वारा एकदम पडला. खाडीत पसरलेल्या मुलांच्या छोट्या होड्यांची शिडं क्षणभर फडफडली आणि ओल्या कपड्यांसारखी लोंबकळली. बचावबोटीत उभ्या असलेल्या कोचबाईंनी मान वर केली. पलीकडच्या किनाऱ्यावरचे डोंगर मघाशी स्पष्ट दिसत होते. आता तिथे नुसता काळसर पडदा होता, आणि त्याच्याखालचं पाणी शाई सांडल्यासारखं झालं होतं. पाखरं कधी गप्प झाली, ते कळलंच नव्हतं.

धक्क्यावर खुर्च्या मांडून पालक बसले होते. मधोमध नौकानयन क्लबचे अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी महासंघाचे निरीक्षक. या भागात मुलांसाठी शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण केंद्र द्यायचं की नाही, हे निरीक्षक आजची शर्यत बघून ठरवणार होते. या दिवसासाठी कोचबाईंनी जिवाचं रान केलं होतं. मोडक्या होड्या डागडुजी करून पाण्यात उतरवल्या होत्या. गावात घरोघरी हिंडून मुलं गोळा केली होती. फक्त किनाऱ्यालगतच्या वस्तीतून एकही मूल आलं नव्हतं. तिथल्या लोकांनी दारातूनच हात जोडले होते. खाडीपलीकडे जाणाऱ्या लाँचच्या तिकीटखिडकीवर बसणाऱ्या बाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं, "आमची पोरं पाण्यापासून लांबच बरी. तुमचे कप तुम्हाला लखलाभ."

कोचबाईंनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "साहेब, शर्यत थांबवावी लागेल. हवा बिघडतेय."

"काहीतरीच काय," अध्यक्षांचा आवाज खरखरत आला. "पावसाचा थेंब नाही, वाऱ्याचा पत्ता नाही. शेवटचं वळण राहिलंय फक्त. आणि निरीक्षकसाहेब माझ्या शेजारी बसलेत, जरा भान ठेवा."

अध्यक्षांचा नातू सगळ्यांच्या पुढे होता.

कोचबाईंनी होड्यांवरून नजर फिरवली. एक होडी उलटली तर त्या वेळेत पोचू शकत होत्या. दोन उलटल्या तरी कसंबसं जमलं असतं. पण असल्या आभाळातून वारा सुटला की तो एकेकाला गाठत नाही, सगळ्यांना एकदम आडवं करतो. बचावबोट एकच होती. आधी कुणाकडे जायचं, आणि कुणाला थांब म्हणायचं?

एक गार झुळूक त्यांच्या मानेला चाटून गेली. दिवसभर वारा होता त्याच्या बरोबर उलट्या दिशेने.

त्यांनी भोंगा दाबला आणि दाबूनच धरला.

मुलं बावचळली. अध्यक्षांचा नातू रडकुंडीला आला. "मी जिंकत होतो," तो म्हणत राहिला. कोचबाई पुढच्या होडीकडे वळल्या. शिडं उतरवायला लावली, एकामागे एक सगळ्या होड्या दोरीला बांधल्या आणि बचावबोटीने ओढायला सुरुवात केली. होड्यांची माळ जड होती. इंजिन धापा टाकत होतं. काळा पडदा आता अर्धी खाडी गिळून बसला होता. वॉकीटॉकीतून अध्यक्ष काहीबाही बोलत होते. मागे बघायचं नाही असं ठरवूनही कोचबाई पुन्हा पुन्हा मागे बघत होत्या. दर वेळी पडदा जवळ आलेला असे.

एकदाचा धक्का आला. शेवटचं पोर वर चढेपर्यंत कोचबाई बोटीतच उभ्या राहिल्या. मग सगळे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले.

काहीच झालं नाही.

पडदा मधोमध फाटला, डोंगराच्या कडेने सरकला आणि पलीकडे निघून गेला. ऊन पडलं. वारा सुटला, तोही असा, की शर्यतीसाठी मागून मिळाला नसता. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, सगळ्यांशी हात मिळवले आणि गाडीत बसले.

"कोणीतरी बाईंच्या डोक्यावर छत्री धरा रे," एक पालक म्हणाला. बाकीचे हसले.

अध्यक्ष हसले नाहीत. "तोंडाशी आलेला घास काढून घेतलात तुम्ही," ते हळू आवाजात म्हणाले. "ढगाला भिणाऱ्या माणसाचं पाण्यावर काय काम? उद्या किल्ल्या ऑफिसात आणून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचबाई होड्यांच्या शेडमध्ये एकट्या होत्या. शिडं घड्या घालून फळीवर ठेवत होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण खरंच घाबरट आहोत की काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

बाहेर पावलं वाजली. एकाची नव्हे, बऱ्याच जणांची. दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं. वस्तीतली माणसं होती. गुपचूप, घोळक्याने, सरळ शेडकडेच येत होती. कोचबाईंनी हातातलं शीड खाली ठेवलं. आता यांचं काय बिघडवलं आपण?

दार ढकललं गेलं. पुढे तिकीटखिडकीवरच्या बाई होत्या. त्यांनी शेड नीट न्याहाळली. होड्या, दोऱ्या, घडी घातलेली शिडं, मग कोचबाईंचा चेहरा.

"काल मी खिडकीतून सगळं बघत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने लाँच बाहेर काढली, तेव्हा असंच आभाळ होतं. धक्क्यावरचे सगळे म्हणाले, जा रे, काही होत नाही. तो गेला तो गेलाच."

"पण बाई, काल तर वादळ आलंच नाही," कोचबाई म्हणाल्या. "सगळे हसले मला."

बाईंनी मागे हात करून एका मुलीला पुढे ओढलं. तिच्यामागे दारात आणखी पोरं दाटीवाटीने उभी होती.

"आलं असतं, तर तुमचं नशीब चांगलं एवढंच म्हटलं असतं मी," बाई म्हणाल्या. "आलं नाही, तेव्हा कळलं, नुसत्या शंकेवरही तुम्ही पोरं परत आणता. म्हणून आमची घेऊन आलेय."