बाभळींकडे तोंड

"अक्का, दिवा दाराकडे वळवतो," वायरमन नूर महंमद शिडीवरून म्हणाला. "जाता-येता तुम्हालाच उजेड पडेल."

भिकुबाईने मान हलवली. दाराकडे नको, मागे नाल्याकाठी बाभळी आहेत, तिकडे. तिथे तर आता कुणी फिरकत नाही, असं तो म्हणाला. भिकुबाईने पुन्हा बाभळींकडेच बोट दाखवलं. त्याने दिवा वळवला.

भरदुपारी दोनदा हात हलवूनही दिवा लागला नाही, तसं तिचं तोंड उतरलं. नूर महंमद हसला. सेन्सरखाली दोन बारीक फिरक्या होत्या. एकीवर सूर्य आणि चंद्र काढलेले. ती त्याने चंद्रावर ठेवली होती, म्हणजे अंधार पडल्याशिवाय दिवा लागणार नव्हता. दुसरी वेळेची. माणूस हलला की लागेल, हलत असेपर्यंत जळत राहील, स्थिर राहिला की मिनिटभराने विझेल. दहा मिनिटं ठेवू का, त्याने विचारलं.

"मिनिट पुरे," भिकुबाई म्हणाली.

तो धुळ्याला परत गेल्यावर ती गल्लीत फिरली. आपल्या वयाच्या पाच-सहा जणींनाच तिने बोलावलं. दिवेलागणीला मागच्या ओट्यावर या, शेंगा फोडू.

सगळ्यात आधी तिची जाऊ सुंदरबाई आली. काठी टेकत, डावा पाय ओढत.

बाभळींची ती जागा पूर्वी बायकांची होती. अंधार पडला की डबडी घेऊन सगळ्या तिकडे जात. गावात पहिली जीप पितांबरची. तो रस्त्यावरून आत वळायचा, दिवे बाभळींवर रोखून गाडी उभी करायचा. बायका पटापट उठून उभ्या राहायच्या, पदर तोंडावर घेऊन. मग तो खिडकीतून डोकं काढायचा.

"भिऊ नका. साप-इच्चू दिसाले उजेड शे."

सातवा महिना असलेली सुंदरबाई एकदा अशीच घाईने उठली आणि नाल्यात पडली. पाय वाकडा जुळला. तिला उचलून आणेपर्यंत जीपचे दिवे चालूच होते.

आता घरोघरी संडास झाले. पितांबरच्या घरचा तर फरशी बसवलेला. पण चार भिंतींत त्याला होत नाही, असं त्याची सूनच सांगते. पंचाहत्तरीतही तो दिवेलागणीनंतर टमरेल घेऊन बाभळींत जातो. बायका तिकडे जाणं बंद झाल्यापासून त्याला ती जागा निवांत वाटते.

अंधार झाला. ओट्यावर शेंगांची टरफलं पडत होती. नाल्याच्या बाजूने चपला वाजल्या, बाभळीपाशी थांबल्या. टमरेल खाली ठेवल्याचा आवाज आला.

दिवा लागला.

पांढऱ्या उजेडात पितांबर उकिडवा बसलेला होता. त्याने डोळ्यांवर हात धरला. मग धडपडत उठला, टमरेल कलंडलं. एका हातात धोतर, दुसरा हात बाभळीच्या खोडाला. समोर सहा बायका ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. एकीनेही पदर तोंडावर घेतला नाही.

"कोन शे?" त्याने विचारलं.

भिकुबाईने सुंदरबाईकडे पाहिलं. सुंदरबाई काठीवर भार देऊन उभी राहिली. ओट्याच्या कडेपर्यंत आली.

"भिऊ नका, भाऊ," ती म्हणाली. "साप-इच्चू दिसाले उजेड शे."

आवाज ओळखून पितांबर जागच्या जागी थिजला.

"दिवा आते कव्हय इझी?" मागून एका बाईने हळूच विचारलं.

तो हलला नाही की मिनिटभराने, भिकुबाईने सांगितलं. तिने मूठभर शेंगा ओच्यात घेतल्या.

मिनिट गेलं. दोन गेली. पितांबर खोडाला धरून तसाच उभा होता. पण त्याचे गुडघे थरथरत होते, आणि दिवा जळतच राहिला.