पोर्चवरच्या दोन खुर्च्या

शनिवारी संध्याकाळी मर्ल कोस्टेल्निक सहा-चारने मागे होता आणि हातात एकच दिवस उरला होता.

"एप्रन धुऊन ठेव, म्हाताऱ्या," स्टॅनचा फोन आला. "पुढच्या रविवारी शेगडीपाशी तूच आहेस."

"अजून उद्याचा दिवस आहे."

"उद्या तुझ्याकडे आहे कोण? अर्धा संघ लंगडतोय."

खोटं नव्हतं ते. मर्लने फोन ठेवला आणि पुन्हा लॅपटॉपला डोळे लावले. यंग्सटाउनच्या या फँटसी बेसबॉल लीगला अठरा वर्षं झाली होती. खेळाडू खरे, सामने खरे, संघ मात्र आपण मनाने बांधायचे. खऱ्या मैदानावर आपल्या खेळाडूंनी आठवडाभरात जे केलं ते दहा रकान्यांत मोजायचं, आणि समोरच्या एकाच गड्यापेक्षा जास्त रकाने जिंकायचे. या आठवड्यात उपांत्य फेरी होती. मर्लसमोर स्टॅन, आणि दुसरीकडे रे नावाच्या एका प्लंबरसमोर मर्लचा मुलगा नील. नील आरामात पुढे होता.

म्हणूनच मर्लला जिंकायचं होतं. चषकाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला ती खुर्ची हवी होती.

लीग चालवायची लोर्ना प्रुइट, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. तिचा एक नियम कुणी मोडत नसे. अंतिम फेरीच्या रविवारी सगळे तिच्या घरी जमत. उपांत्य फेरीत हरलेले दोघे मागच्या अंगणात सगळ्यांसाठी सॉसेज भाजत, आणि अंतिम फेरीतले दोघे पुढच्या पोर्चवर शेजारी शेजारी बसत. शेवटचा सामना संपेपर्यंत उठायचं नाही, आणि तिसऱ्याने तिथे फिरकायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आयरीनच्या दफनविधीला मर्ल चारचौघांत नीलला म्हणाला होता, "तू वेळेवर आला असतास तर तुझी आई आज असती." डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. ते त्याचं त्यालाही ठाऊक होतं. बायको गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता, आणि समोर पोरगा उभा होता. तेव्हापासून नीलने त्याचा फोन उचलला नव्हता. लीग मात्र दोघांपैकी कुणीच सोडली नाही. नीलच्या घरी गेलं तर तोंडावर दार लागण्याची भीती, पण पोर्चवर सहा तास नीलला ऐकून घ्यावंच लागलं असतं. मर्लला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि छातीत दोनदा दुखून गेलं होतं.

त्याने कागद ओढला. होम रनचा रकाना गेला, तो स्टॅनचा. पिचर म्हणजे चेंडू टाकणारे, त्यांनी दिलेल्या धावांची सरासरीही गेली. मग गेलेली सरासरी जपायची कशाला? मार खाऊ देत पिचरांना, फक्त फलंदाज बाद करू देत. बाद केलेल्या फलंदाजांचा रकाना अकराने मागे होता आणि बेस चोरण्याचा, म्हणजे फटका न बसताच पळून पुढचा टप्पा गाठण्याचा, फक्त एकाने. हे दोन फिरले की सहा-चार त्याचे.

रविवारी सकाळी त्याने तीन असे पिचर उचलले, ज्यांना लीगमधलं कुत्रं विचारत नव्हतं. बेस चोरायला एक चपळ पोरगा हवा होता, पण संघात जागा उरली नव्हती. नऊ वर्षं त्याने क्लीव्हलँडच्या कोल मॅरिकला संघात सांभाळलं होतं. आयरीनचा लाडका खेळाडू होता तो. मर्लने डोळे मिटून त्याला काढलं आणि कधी नाव न ऐकलेला एक धावपटू घेतला.

"डोकं फिरलंय का तुझं?" स्टॅनचा लगेच फोन. "त्या पिचरांना माझी आजीसुद्धा झोडपेल."

"झोडपू दे की."

खरोखर झोडपलं त्यांना. पण मधूनमधून ते फलंदाजही बाद करत होते. दुपारी तीनला फरक पाचवर आला, साडेचारला दोनवर. मर्ल जेवला नाही. गोळी घ्यायची राहिली. नीलचा सामना उघडून बघायचंही त्याला भान नव्हतं. पाच वाजता तिसऱ्या पिचरने शेवटचा गडी बाद केला आणि तो रकाना एकाने मर्लचा झाला.

आता बेस. त्या धावपटूला त्याच्या संघाने उतरवलंच नव्हतं. सामना पश्चिम किनाऱ्यावर चालू होता आणि मर्ल पडद्यासमोर हात जोडल्यासारखा बसला होता. आठव्या डावात कुणाच्या तरी बदली तो पोरगा पहिल्या बेसवर आला. दुसऱ्याच चेंडूवर त्याने दुसरा बेस चोरला. चौथ्यावर तिसरा.

सहा-चार. मर्ल ओक्साबोक्शी रडला. मग तोंड धुऊन त्याने लोर्नाला फोन लावला.

"पोर्चवर दोन खुर्च्या टाक, लोर्ना."

"टाकते की. तू आणि रे."

"रे? नील पुढे होता ना?"

"होता. आज सकाळी त्याने चांगले खेळाडू सगळे बसवून ठेवले आणि सगळ्यांत भिकार पिचर उतरवले. मुद्दाम हरला."

मर्ल तिथेच पलंगावर टेकला.

"माझ्या शेजारी बसावं लागू नये म्हणून," तो म्हणाला.

"मर्ल, तू काल हरत होतास," लोर्नाचा आवाज पडला. "सकाळी सातला त्याचा फोन आला मला. मी हरलो तर शेगडीपाशी दिवसभर बाबांबरोबर मीच असेन ना, असं तीनदा विचारलं त्याने. मीच म्हणाले, हो रे बाबा, मर्ल काही आता जिंकत नाही."