एकच हरकत

खाडीकाठच्या सुरूच्या बनात नगरपरिषदेने मुलांची बाग मंजूर केली, तेव्हा हरकत एकच आली. "तितं माझी तीन वर्सांची पोर पुरलीय," ठमाबाईंनी सुनावणीत सांगितलं. अभियंता मृणालीने जुनी दप्तरं चाळली, पण नोंद कुठेच सापडली नाही. हरकत फेटाळली गेली.

उद्घाटनाला ठमाबाई आल्या आणि झोपाळ्यांवरची गर्दी बघत उभ्या राहिल्या. मृणालीला राहवलं नाही. "आजी, माझ्या हातात काहीच नव्हतं हो."

"ऱ्हाऊ दे बाय. चाळीस वर्सं एकटीच व्हती, आता खेळाया पोरं आली."

मग त्यांनी मृणालीचा हात घट्ट धरला.



"फक्त सांजच्याला फाटक लावू नका. पोरं घरी निघाली, की तिलाबी यावंसं वाटंल."