कुरिंडी धरण: साक्षीतली दुरुस्ती

पाणीखात्याच्या फायलीत लाल पट्टीमागे धरणं, पिवळीमागे विहिरी, हिरवीमागे पगार.

धरणाखाली राहणाऱ्या मानोलीच्या टोमॅटोंना यंदा लवकर फुलं आली.

समितीसमोर बोललेला शब्द प्रतिवृत्तातून काढता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी आणलेला लॅमिंग्टन केक दुपारपर्यंत कडक होतो. तरी सगळे खातात.

"एकोणीस, सभापती महोदय," उपसचिव ग्वेंडा प्रॉक्टर म्हणाल्या.

आकडा कुणी विचारलाच नव्हता. विरोधी पक्षाच्या डर्मट हेन्शॉनं एवढंच विचारलं होतं, की कुरिंडी धरणाच्या भिंतीची तपासणी शेवटची कधी झाली? खर्चाच्या सुनावणीआधी खातं महिनाभर बसून सगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवतं, कधीच न येणाऱ्यांचीसुद्धा. अधिकाऱ्यानं फक्त पान काढायचं आणि वाचायचं.

ग्वेंडाबाई वाचत होत्या. "चौदा नोव्हेंबरला सकाळी कुरिंडीची भिंत फुटली. त्यात एकोणीस जण दगावले. खात्याला याचं तीव्र दुःख आहे."

त्या दिवशी बावीस ऑक्टोबर होता.

मग हशा.

"बाई, पुढच्या वर्षीची फाइल उचलून आणलीत की काय?" हेन्शॉ म्हणाला.

ग्वेंडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पान मागे उलटलं. "तपासणी मार्चमध्ये झाली. भिंत ठणठणीत आहे."

पत्रकारांच्या बाकावर थिया कुलूरिसही हसली नव्हती. धरणाखालचं पहिलं घर तिच्या धाकट्या भावाचं, मानोलीचं होतं.

*

"तालमीचा कागद होता गं," खात्याची माध्यम सल्लागार कोर्टनी फोनवर म्हणाली. "आपत्तीची तालीम करतो ना आम्ही. त्यातलं पान चुकून फायलीत लागलं."

"मग दाखव ते पान."

"अर्ज कर. आणि उगाच ताणू नकोस. ग्वेंडा दुरुस्तीचं पत्र देणार आहे समितीला. साक्षीत चूक झाली की पत्र द्यावंच लागतं. ते आलं की विषय संपला."

"कुठे आहेत त्या?"

"रजेवर."

थियानं अर्ज केला. कागद नसला की खातं एका ओळीत कळवतं: असा कागद अस्तित्वात नाही. असली उत्तरं तिच्या खणात ढिगानं पडली होती.

या वेळी लिहून आलं: चार पानं सापडली. ती उघड करणं लोकहिताचं नाही.

तिनं ते जसंच्या तसं छापलं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी सभागृहात पेपर फडकवला. "कुलूरिस बाईंकडे लॉटरीचे आकडे असतील तर तेही छापावेत!"

हेन्शॉसुद्धा पोट धरून हसला.

*

"चौदा तारीख उलटेपर्यंत माझ्याकडे येऊन राहा," थिया फोनवर भावाला म्हणाली.

"आणि कोंबड्यांना दाणे कोण टाकणार? मुख्यमंत्री?"

"मानोली, असा कागदच नाही, असं ते म्हणाले नाहीत. नाही म्हणणं सगळ्यात सोपं होतं."

"बाईसाहेब, तुमच्या कृपेनं काल पबमध्ये मला फुकट बिअर मिळाली. म्हणे, एकोणिसांतल्या पहिल्याला आमच्याकडून!"

"दात काय काढतोस, गाढवा?"

"मग काय करू? भिंत रोज बघतो मी. थेंब गळत नाही. आणि चौदाला सकाळी अग्निशमन दलाचा नाश्ता आहे गावच्या सभागृहात. सॉसेज मीच भाजतो दरवर्षी. सगळी दरी येते. तू छापलंस तरी एक माणूस हलला नाही. मी एकटा पळालो तर तोंड कुठे दाखवू?"

आई गेल्यापासून तिला एवढा एकच माणूस उरला होता.

रोज सकाळी ती समितीच्या कार्यालयात फोन करायची. पत्र आलं का? नाही आलं. तिला वाटायचं, एकदा ग्वेंडाबाईंनी सही करून लिहावं की मृतांचा आकडा चुकून वाचला, असं काही घडलेलं नाही. मग आपणही हसू.

दोन दिवस उरले तेव्हा तिनं परत मानोलीच्या घरच्या फोनवर फोन लावला.

"येत नाहीस ना?"

"नाही."

"मग मीच येते. उद्या संध्याकाळी पोचते. शुक्रवारी उजाडायच्या आत तुला मानगुटीला धरून गाडीत कोंबते, कोंबड्यांसकट."

"ये की. चादर धुऊन ठेवतो." तो हसत होता. "सॉसेज खाल्ल्याशिवाय मात्र सोडणार नाही हं."

*

गुरुवारी थिया दुपारीच निघाली. ती गेल्यावर तासाभरानं समितीचा शिपाई तिच्या पेपरच्या कचेरीत पाकीट देऊन गेला.

"आलं बाई तुझं पत्र," शेजारच्या टेबलावरचा वेंडल रिकाम्या खुर्चीला म्हणाला. सगळ्यांना वाचून दाखवायचं म्हणून त्यानं पाकीट फोडलं, खुर्चीवर चढला आणि घसा खाकरला.

"सभापती महोदय, बावीस ऑक्टोबरच्या माझ्या साक्षीत मृतांची संख्या एकोणीस अशी सांगितली गेली. ती चुकीची होती. कृपया ती वीस अशी वाचावी. बाकी मजकूर कायम. दिलगीर आहे. ग्वेंडा प्रॉक्टर."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

वेंडल खाली उतरला. त्यानं थियाला फोन लावला. घाटापलीकडे मोबाइल लागत नाहीत, आणि भावाच्या घरचा नंबर फक्त तिच्याकडे होता. तरी त्यानं चार वेळा लावला. मग पत्र पुन्हा हातात घेतलं. सहीखाली तारीख होती, दहा नोव्हेंबर, सोमवार.

थियानं जायचं ठरवलं ते बुधवारी.