चार ओळींची जागा

चार ओळींची जागा काही केल्या भरत नव्हती. ‘किनारा वार्ता’चं शेवटचं पान संगणकावर उघडं होतं, आणि ‘आगामी कार्यक्रम’ या सदराच्या तळाशी उरलेला पांढरा चौकोन संपादकांना वाकुल्या दाखवत होता. वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा टाकून झाली, किनारा सफाई झाली, भटक्या कुत्र्यांचं लसीकरणसुद्धा झालं. आता आणखी काय घालायचं? छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता.

संपादक म्हणजे बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. समुद्रकाठच्या त्या वस्तीत कुणाची गच्ची गळते, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, हे त्या त्या घराच्या आधी त्यांना कळायचं. लोक तोंडावर त्यांना ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘भोंगा’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. खरं सांगायचं तर दुसऱ्याचाच त्यांना जास्त अभिमान होता.

स्वयंपाकघरातून बायको काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती. संपादक अधूनमधून ‘हं’, ‘छान’, ‘बघू’ असं टाकत होते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे आपोआप जमतं. शेवटी ओट्यावर एक पातेलं जरा जोरातच आपटलं.

“या घरात माझं कुणी ऐकतं का?”

हे मात्र त्यांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, त्यांचे डोळे चमकले आणि बोटं भराभर चालू लागली. ‘घरात आपलं कुणी ऐकत नाही, असं वाटणाऱ्यांसाठी मोकळ्या गप्पा. शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. प्रवेश सर्वांना.’ बरोब्बर चार ओळी! असल्या कार्यक्रमाला कोण कशाला येतंय? घरचं गाऱ्हाणं चारचौघांत मांडायला लोक काय खुळे आहेत? पान छापखान्यात गेलं.

शनिवारी मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एखादा भाबडा जीव आलाच तर? कार्यक्रम रद्द झाला असं सांगून त्याची बोळवण करावी, म्हणून ते वाचनालयाकडे निघाले. बायको आधीच कुठेतरी बाहेर पडली होती. जाताना सांगून गेली होती बहुतेक.

मागच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या होत्या. लोक खिडकीत टेकले होते, कट्ट्यावर बसले होते. ‘रद्द’ म्हणायची सोयच उरली नव्हती. ते हळूच दाराजवळच्या पुस्तकांच्या कपाटाआड सरकले.

दातांचे डॉक्टर उभे राहून बोलत होते. “दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडून बसतात. आणि घरी मी तोंड उघडलं की सगळे उठून जातात.”

हशा पिकला. मग किनाऱ्यावरचा जीवरक्षक म्हणाला, “मी तर शिट्टी फुंकून फुंकून थकलो. पाण्यातले ऐकत नाहीत, घरातले तर नाहीच नाहीत.”

पुन्हा हशा. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. संपादकांना पाठच दिसत होती, पण आवाज ऐकला आणि त्यांनी कपाटाचा कोपरा घट्ट धरला.

“आमच्याकडे अख्ख्या वस्तीच्या बातम्या असतात,” त्यांची बायको म्हणाली. “माझी सोडून. कार्यक्रमही सगळे छापून येतात. छापणारा स्वतः एकालाही जात नाही, तो भाग वेगळा.”

खोली हसली. कपाट हसलं नाही.

“सगळं आयुष्य समुद्राकाठी काढलं, पण मी घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. भीतीच वाटायची. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मनाचा हिय्या केला आणि या दादांकडे पोहायला शिकले.” तिने जीवरक्षकाकडे हात केला. “उद्या सकाळी समुद्रातल्या त्या काळ्या खडकापर्यंत पोहत जाणार आहे. घरी कितीदा तरी सांगितलं. उत्तर आलं, छान, बघू.” तिने पदर खोचला. “भीती अजून गेलेली नाही हो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, एवढंच.”

“काकू, तुमचा हात आता झकास चालतो,” जीवरक्षक म्हणाला.

“आम्ही गच्चीवरून रोज बघतो ना,” आणखी कुणीतरी म्हणालं. डॉक्टरांनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वस्तीतली एवढी मोठी बातमी, आणि ती भोंग्याला सोडून सगळ्यांच्या कानावर! संपादकांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. आणि त्यामागून, हळूहळू, भीती आली. तो खडक केवढा लांब आहे, हे बंदरात नोकरी केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

ते कपाटामागून बाहेर आले. बायको वळली.

“अगं,” ते म्हणाले. त्यांना माफी मागायची होती, पण तो विषय त्यांनी कधी हाताळला नव्हता. “मी… मी हे पहिल्या पानावर छापतो. फोटोसकट. मोठ्या अक्षरांत.”

पहिलं पान त्यांनी नगराध्यक्षांनाही कधी दिलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं. ती त्यांच्याजवळ आली. मग खोलीत दुसरं कुणीच नसावं, इतक्या हळू म्हणाली,

“छापू नका. उद्या या.”