बचावासाठी पहिली निवड

“ओम्या, डावीकडं सरक! जिजा, सोडू नको त्याला!” रुक्साना ओरडत होती. समोरच्या संघातली प्रणाली मात्र आलेला प्रत्येक चेंडू स्वतःच अडवत होती.

आमच्या व्यावसायिक महिला फुटबॉल संघाला पहिली निवड बचावपटूची करायची होती. शेवटी या दोघी उरल्या, म्हणून मी त्यांना चौथीच्या पोरांत खेळायला उतरवलं होतं. मध्येच मी दोघींनाही बाहेर बोलावलं.

रुक्सानाचा चेहरा पडला. “सर, माझा पाय चेंडूला लागलाच नाही. घरी जाऊ?”

“गप बस इथं. खेळ बघ.”

प्रणालीच्या पोरांवर लगेच दोन गोल झाले. रुक्सानाच्या गोलसमोर आता ओम्या घसा ताणून ओरडत होता, “जिजा, सोडू नको त्याला!”

जिजानं सोडलं नाही.

“उद्या सही करायला ये,” मी रुक्सानाला म्हटलं.