डेम्प्सीची चूक

मुष्टियुद्धाला वळण देणारे आजवर चारच महापुरुष झाले आणि पाचवा आज संध्याकाळी सक्करदऱ्यात घडणार आहे, असं मधुसूदन मास्तरांनी रिंगच्या कडेला उभं राहून खणखणीत आवाजात जाहीर केलं. पाचवा त्या वेळी स्टुलावर बसून ग्लोव्ह घातलेल्या हातानं नाक खाजवायची खटपट करत होता. ते जमत नव्हतं.

त्याचं नाव रामाजी. पारशिवनीचा, बाविशीतला, गावच्या आखाड्यात कुस्ती खेळून दणकट झालेला. मास्तरांनी दोन वर्षं त्याला जॅक जॉन्सनचा बचाव शिकवला, डेम्प्सीचा हल्ला शिकवला, जो लुईसचा आखूड ठोसा शिकवला आणि मुहम्मद अलीचे पाय शिकवले. शिकवले म्हणजे सांगितले. मास्तरांनी स्वतः आयुष्यात कुणाला ठोसा मारला नव्हता की कुणाचा खाल्ला नव्हता, त्यामुळे त्यांचं ज्ञान एकतर्फी झालेलं नव्हतं.

वस्तीतल्या व्यायाम मंडळाच्या खोलीत मास्तरांचा वर्ग अकरा वर्षं चालू होता आणि अकरा वर्षांत त्यांच्या एकाही पोरानं एकही लढत जिंकली नव्हती. मास्तर याला चिकाटी म्हणत. मंडळाची कमिटी दुसरं काहीतरी म्हणत असे. आज रामाजी हरला, तर सोमवारपासून खोली शोभाताईंच्या शिवणवर्गाला, असा ठराव झाला होता. शोभाताई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. दुपारी त्या खिडक्यांची मापं घेऊन आल्या होत्या आणि टेप अजून गळ्यातच होती.

"वाईट नका वाटून घेऊ जी मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या चार पैलवानांचे फोटो मी भिंतीवर राहू देईन न. मशिनीच्या वर चांगले दिसतील."

समोर जरीपटक्याचा कृष्णकांत होता. त्याला इतिहास येत नव्हता, पण ठोसे येत होते. पहिल्या दोन राउंडमध्ये त्यानं रामाजीला चारही महापुरुषांसकट बडवून काढलं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या राउंडला रामाजीनं कंटाळून डोळे मिटले आणि उजवा हात फिरवला. तो चौघांपैकी कुणाचाच ठोसा नव्हता. शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ तोडायला कुऱ्हाड फिरवतात, तसा तो आला. कृष्णकांत सपशेल पाठीवर पडला.

मास्तर आनंदाच्या भरात रिंगच्या फळीवर चढले. आता एकच काम उरलं होतं. समोरचा पडला की लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तोवर पंच आकडे मोजत नाही. शिकागोला डेम्प्सी हेच विसरला. पडलेल्या टनीच्या उशाशी उभा राहिला, मोजणी लांबली, टनी उठला आणि शेवटी लढत टनीच जिंकला. ही गोष्ट मास्तरांनी रामाजीला निदान चाळीस वेळा सांगितली होती.

रामाजी वळला आणि सरळ मास्तरांकडे आला. समोरचा पाठीवर पडला की कुस्ती संपते आणि कुस्ती संपली की आधी वस्तादाच्या पाया पडायचं, हे त्याला पारशिवनीत एकदाच सांगितलं होतं आणि ते पुरलं होतं. त्यानं खालच्या दोरीखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि मास्तरांच्या पायांवर वाकला.

"अरे कोपरा, कोपरा," म्हणत मास्तर जागच्या जागी नाचायला लागले. पंच बोटानं कोपरा दाखवत राहिला आणि मोजेना. तेवढ्या वेळात कृष्णकांत आधी उठून बसला, मग उभा राहिला. पंचानं त्याचे डोळे तपासून खेळ पुढे चालू केला. रामाजी वाकलेलाच. कृष्णकांत संतापून धावत सुटला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. शिलाई मशिनींचा आवाज त्यांना आत्तापासूनच ऐकू येत होता.

ठोसा आला तो रामाजीच्या पाठीवरून, मोकळ्या हवेत. ठोशामागून कृष्णकांतही आला, दोरीवरून पलीकडे गेला आणि गुण मांडणाऱ्यांच्या टेबलावर, पाण्याच्या जगसकट आडवा झाला. पडलेला आता रिंगबाहेरच होता, म्हणून पंचानं या वेळी कोपऱ्याची वाट न पाहता भरभर दहा मोजले. विजेत्याचा हात उंच करायला हात काही सापडेना, म्हणून त्यानं नुसतं रामाजीच्या पाठीकडे बोट दाखवलं.

मैदान उठून उभं राहिलं. मास्तरांनी डोळे उघडले आणि क्षणात सगळं समजून घेतलं. जॉन्सननं बचावाची कला रुजवली, अलीनं ती दोरीला पाठ टेकून पुढे नेली आणि आज रामाजीनं ती नमस्कारापर्यंत आणून पूर्ण केली. हे त्यांनी लोकांना तिथल्या तिथे सांगितलंही. गेली दोन वर्षं याच डावाची तालीम चालू होती, असंही सांगितलं. पुढच्या रांगेतली दोन माणसं लगेच तसंच वाकून पाहू लागली.

शोभाताईंनी गळ्यातली टेप काढून पिशवीत टाकली.

"अजून उठला नाही न वं पायावरून," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माह्या वर्गातल्या पोरी साधा राम राम नाही करत."

अकरा वर्षांत मास्तरांच्या पायांशी कुणी एवढा वेळ थांबलं नव्हतं. त्यांनी रामाजीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ बेटा," ते म्हणाले. "इतिहास घडला. तो एवढा अंगावर येऊन राहिला होता अन् तू तसूभर हलला नाहीस. काय होतं रे तुझ्या मनात?"

रामाजीनं मान वर केली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मास्तर, पाय उचलता का जी थोडा? माह्या हातावर हाये."